नाजूक जागेवर चामखिळी आल्यात, कोणत्या डॉक्टरला दाखवू? (चोपडा / जळगाव)

तापीकाठचा_पोऱ्या | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. हा आयडी फक्त या प्रश्नासाठी काढलाय, समजून घ्या.

वय २७, गाव चोपडा तालुक्यात, नोकरी जळगाव एमआयडीसीत. दिवाळीच्या सुमारास लिंगावर मुळाच्या बाजूला एक बारीक दाणा दिसला. दुखत नव्हता म्हणून सोडून दिला. आता तिथेच चार-पाच झालेत, एकमेकांना चिकटून. रंग कातडीसारखाच, थोडा तपकिरी, हात लावला तर खरखरीत. पू नाही, आग नाही, लघवीला त्रास नाही. ड्युटीवर घाम आला की खाज येते एवढंच.

दोन-अडीच वर्षांपूर्वी सुरतला कामाला होतो, तेव्हा एकीशी संबंध होते. त्यानंतर काही नाही. आता सोयरीक झालीये, लग्न आखाजीनंतर. नेटवर फोटो बघून झोप उडाली. हा एड्स आहे का? कॅन्सर? की नुसती चामखीळ? गावातल्या डॉक्टरकडे जाऊ शकत नाही, त्यांची मिसेस माझ्या आत्याच्या भिशीत आहे. मित्र म्हणतो बिब्बा लाव, आठ दिवसांत गळून पडेल. लावू का?

अ‍ॅडमिन | सोमवार, रात्री ११.३२

धागा आरोग्य विभागात हलवला आहे. फोटो टाकू नका, कोणी मागितले तरी व्यनितून पाठवू नका. खऱ्या डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं घेऊन तक्रारी नकोत. बाकी मोकळेपणाने लिहा.

केळीबाग_रावेर | मंगळवार, सकाळी ६.१०

अरे भो, एवढा काय घाबरून राह्यला? आमच्या घरी चामखिळीले आजी घोड्याचा केस बांधे. चार दिवसात सुकून पडे. बिब्बा बी चालते, चुना-सोडा बी चालते. मानेवरची माही चामखीळ चुन्यानेच गेली, डाग राह्यला थोडा. दवाखान्यात गेला का दोन हजाराले फोडणी.

मेडिकलवाला_अमळनेर | मंगळवार, सकाळी ९.४५

रावेरकर, हात जोडतो, मानेचा हिशोब तिथे लावू नका.

पोऱ्या भाऊ, बिब्बा अजिबात नको. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. कपड्यावर धोबी खुणा करायचे ते तेल, ते निघत नाही म्हणूनच करायचे. हातावर उतू आला की माणूस आठवडाभर कण्हतो, आणि त्या जागेची कातडी पापणीइतकी पातळ. माझ्या काउंटरवर असे लोक येतात: दोन्ही जांघा फोडांनी भरलेल्या, चालता येत नाही, आणि मूळची चामखीळ जागेवर शाबूत. चुना आणि धुण्याचा सोडा हा प्रकार तर त्याहून वाईट, तो आत खोल जाळत जातो. केस बांधून गाठ मारली की रक्त, पू, आणि काही वेळा टेटॅनसचं इंजेक्शन.

दुसरं, दुकानात मिळतं म्हणून काहीही घेऊ नका. भोवरीची पट्टी आणि चामखिळीचं बाटलीतलं पेंट हातापायाच्या जाड कातडीसाठी असतं, त्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. पाकिटावरच लिहिलेलं असतं की गुप्तांगावर वापरू नये, पण पाकीट वाचतो कोण. आणि ती खाजेची तीन-चार औषधं एकात असलेली ट्यूब, तिच्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते, माणूस खूश होतो, आणि खालचं दुखणं आरामात वाढतं. धंदा माझाच आहे, तरी सांगतो.

शिरपूरकर_७७ | मंगळवार, दुपारी १.१५

भो, लाज कसानी? दवाखानामा जाय. चामडीना डॉक्टरले रोज हाऊच धंदा शे.

त्वचा_धुळे | मंगळवार, रात्री १०.०५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, धुळ्याला प्रॅक्टिस करतो. न बघता निदान करणार नाही, पण प्रश्न चांगला विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो.

वर्णनावरून हे जननेंद्रियावरच्या चामखिळी वाटतात. कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. त्याच्या शंभराहून जास्त जाती आहेत. या चामखिळींपैकी साधारण ९० टक्के ६ आणि ११ या दोन जातींमुळे होतात, आणि या दोन्ही जाती कॅन्सरच्या बाबतीत कमी धोक्याच्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मुख्य गुन्हेगार १६ आणि १८. हातावर शाळकरी मुलांना येते ती चामखीळ आणखी वेगळ्या जातींची. म्हणजे तुमचा पहिला प्रश्न: हा एड्स नाही. एचआयव्ही हा वेगळाच विषाणू. पण दोन्ही एकाच वाटेने येऊ शकतात, म्हणून आम्ही एचआयव्हीची आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्ततपासणी करून घ्यायला सांगतोच. दुसरा प्रश्न: हा कॅन्सरही नाही, फक्त काही अपवाद खाली लिहितो.

दिसायला कशा असतात? सुरुवातीला मोहरीएवढा मऊ दाणा. मग शेजारी दुसरा, तिसरा, आणि घोळका वाढला तर फुलकोबीच्या तुऱ्यासारखा आकार. रंग कातडीचा, गुलाबी किंवा तपकिरी. काही अगदी सपाट असतात, बोटाला लागतात, डोळ्याला नाही. पुरुषांत पुढच्या कातडीखाली, दांड्यावर, अंडकोशावर, जांघेत, लघवीच्या छिद्राशी. बायकांत योनीच्या बाहेर, आत, गर्भाशयमुखावर. दोघांतही गुदद्वाराभोवती, आणि त्यासाठी गुदमैथुन झालेलाच असला पाहिजे असं नाही. बहुधा दुखत नाहीत. म्हणूनच लोक सहा-सहा महिने काढतात.

आता खरी गंमत अशी की माझ्याकडे "चामखीळ आली" म्हणून अंधार पडल्यावर येणाऱ्या पोरांत बऱ्याच जणांना काहीच झालेलं नसतं. लिंगाच्या टोपीच्या कडेने एक-दोन रांगांत, एकाच मापाचे, गुळगुळीत पांढरट दाणे असतील तर ती नैसर्गिक रचना आहे. वयात आल्यावर दिसू लागतात, कोणाकडून येत नाहीत, कोणाला लागत नाहीत. त्यांना काहीही लावायचं नाही. पुढच्या कातडीवर किंवा दांड्यावर बारीक पिवळट ठिपके असतात त्या तेलाच्या ग्रंथी. बायकांतही योनीच्या आतल्या ओठांवर दोन्ही बाजूंना सारखे, मऊ, ज्याचं त्याचं बूड वेगळं असे बारीक कोंब असू शकतात, तेही नॉर्मल. चामखिळीचे कोंब एकाच बुडातून फुटतात आणि डावी-उजवी बाजू सारखी नसते.

मोत्याएवढा चमकदार दाणा आणि मधोमध बारीक खळगा असेल तर ते मोलस्कम, तो वेगळा विषाणू आणि उपचारही वेगळा. रात्री खाज वाढते, घरात आणखी कोणाला खाज आहे आणि अंडकोशावर गाठी आहेत, तर खरूज.

एक मात्र लक्षात ठेवा. गुदद्वारापाशी किंवा जांघेत सपाट, ओलसर, राखाडी-पांढरट चट्टे आले असतील, सोबत तळहातांवर पुरळ किंवा तोंडात व्रण असेल, तर ती सिफिलिसची दुसरी पायरी असू शकते. तिला चामखीळ समजून जाळत बसलं तर वरचं जातं आणि रोग आत राहतो. रक्ताची तपासणी केली की कळतं आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. तपासणीशिवाय कॉटरी, म्हणजे जाळून काढणं, करून घेऊ नका, यासाठीच म्हणतो.

आणि अपवाद: गाठ कडक आहे, काळी पडते, आपोआप रक्त येतं, व्रण भरत नाही, उपचार करूनही वाढते, किंवा वय जास्त आहे आणि पहिल्यांदाच आलीये, तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

तापीकाठचा_पोऱ्या | मंगळवार, रात्री ११.५०

डॉक्टरसाहेब, खूप आभार. रांगेत नाहीत, टोपीवरही नाहीत, दांड्यावर मुळाशी आहेत आणि खरखरीत आहेत. पण सुरतेला दोन वर्षं झाली. एवढ्या उशिरा येतं का? आणि उपचार काय असतो, ऑपरेशन लागतं का? लग्नाआधी पूर्ण बरं होईल का?

त्वचा_धुळे | बुधवार, रात्री ९.३०

विषाणू शिरल्यावर चामखीळ दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, पण काही जणांत वर्ष किंवा त्याहून जास्त. तो कातडीत गुपचूप बसून राहू शकतो. त्यामुळे कोणाकडून आणि कधी आला हे कोणताही डॉक्टर, कोणतीही लॅब छातीठोक सांगू शकत नाही. पुरुषांसाठी "आत एचपीव्ही आहे का" बघायची नेहमीच्या वापरातली तपासणी नाही. तशी पॅकेजं कोणी विकली तर पैसे वाचवा.

उपचार दोन तऱ्हेचे. एक घरी लावायचे, पण चिठ्ठीवर आणि डॉक्टरांनी नेमकी जागा आरशात दाखवल्यावर. इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम पुड्यांत येतं: आठवड्यातून तीन रात्री एक दिवसाआड लावायचं, सहा ते दहा तासांनी साबण-पाण्याने धुवायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. ते चामखीळ जाळत नाही, त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करतं, म्हणून पहिले काही आठवडे "काही फरक नाही" असं वाटतं आणि लोक सोडून देतात. थोडी लाली, चुरचुर येणारच. साल निघून जखम झाली तर थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. क्रीम लावलेलं असताना संबंध नाही, आणि ते कंडोमचं रबर कमजोर करू शकतं. दुसरं पोडोफायलोटॉक्सिन: सकाळ-संध्याकाळ तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी, असे जास्तीत जास्त चार फेरे. गरोदर बाईने दोन्ही टाळायची.

दुसरी तऱ्हा दवाखान्यातली. टीसीए हे ८०-९० टक्क्यांचं तीव्र अ‍ॅसिड काडीने टिपतात, जागा पांढरी पडते, आठवड्याने पुन्हा. क्रायो म्हणजे उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन, थंडीने कोंब मारतात; चटका बसतो, नंतर फोड येऊन खपली पडते. कॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे जागा सुन्न करून जाळणं, एका बैठकीत दिसेल तेवढं साफ. मोठ्या घोळक्याला लेझर किंवा कापून काढणं. तुमच्या चार-पाच दाण्यांना ऑपरेशन थिएटर लागू नये. सगळ्यांत भारी कोणतं, असं विचारू नका. जागा, संख्या, खिसा आणि जळगाव-धुळ्याला काय उपलब्ध आहे यावर ठरतं. द्रव नायट्रोजन प्रत्येक क्लिनिकमध्ये नसतो, आणला तरी उडून जातो.

"पूर्ण बरं" या शब्दावर मी सही करणार नाही. दिसणारा कोंब आम्ही काढतो. आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू उरू शकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा उगवणं बरंच होतं, पुन्हा काढतो. बहुतेकांत शरीर हळूहळू त्याला दाबतं, साधारण दोन वर्षांत. काहींच्या चामखिळी उपचार न करताही जातात, पण लग्न तोंडावर असताना तो जुगार नको. सिगारेट असेल तर सोडा, साखर तपासून घ्या. साखर वाढलेली असली किंवा एचआयव्ही असला तर या चामखिळी हट्टी होतात.

केळीबाग_रावेर | बुधवार, रात्री १०.००

मले वाटे चामखीळ म्हणजे चामखीळ. बिब्बा कॅन्सल. एक विचारू का डॉक्टरसाहेब, आमच्या पंपहाउसवर सहा मजूर एकच टॉवेल वापरता. त्याने लागते का?

त्वचा_धुळे | बुधवार, रात्री १०.२०

जवळजवळ सगळा प्रसार कातडीला कातडी घासून, म्हणजे संबंधांतून. संडासाचं भांडं, विहिरीचं पाणी, तापीतली अंघोळ यांचा संबंध नाही. टॉवेल वेगळे ठेवायला सांगा, पण ते गजकर्णासाठी. त्याचीच साथ जास्त आहे तुमच्याकडे.

निनावी_नंदुरबार | गुरुवार, पहाटे १२.४०

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. मला गुदद्वाराशी कोंब होते. जवळच्या गावात "मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन" असा बोर्ड होता, तिथे गेलो. त्याने नीट न बघता मोड म्हटलं, इंजेक्शन टोचलं, पुड्या दिल्या. पैसे बरेच गेले. कोंब वाढत गेले, बसता येईना. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या सर्जनने बघताक्षणी सांगितलं की हे मोड नाहीत. आतून दुर्बिणीने तपासलं, आतही दोन होते. भूल देऊन काढले, तुकडा तपासायला पाठवला, साधा आला. मला पुरुषांशी संबंध आहेत हे सांगावं लागलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं. एवढंच. मी उगाच दोन वर्षं घाबरलो होतो.

मूळव्याधीचे मोड आणि हे, घरच्या घरी ओळखायचं कसं?

त्वचा_धुळे | गुरुवार, सकाळी ८.१५

लिहिलंत हे फार बरं झालं. मोड बहुधा गुळगुळीत, निळसर-लाल, जोर लावला की बाहेर येणारा आणि शौचाच्या वेळी ताजं रक्त. चामखीळ कोरडी, खरखरीत, टोकं-टोकं असलेली, बाहेरच्या कातडीवर बसलेली, बोटाने ढकलली तरी आत जात नाही. पण हे ढोबळ आहे. बाहेर चामखीळ असेल तर आतही बघायला पाहिजे, आणि ते घरी होत नाही.

सिस्टर_तळोदा | गुरुवार, दुपारी ३.००

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. पैशाची अडचण असलेल्यांसाठी लिहिते. जिल्हा रुग्णालयं आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचा व गुप्तरोग विभाग असतो, आणि त्याला जोडून "सुरक्षा क्लिनिक" नावाची खोली असते. तिथे लैंगिक आजारांची तपासणी, औषध आणि समुपदेशन मोफत. एचआयव्हीसाठी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र, तेही मोफत. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, तसा २०१७ चा कायदाच आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, टोल फ्री, मराठीत बोलतात.

ओळखीचं कोणी भेटेल याची भीती असेल तर तालुका सोडून जिल्ह्याला जा. चोपड्याचा माणूस धुळ्याला गेला तरी चालतं, आम्ही गाव बघून हाकलत नाही. केसपेपर काढताना "चामडीचा डॉक्टर" एवढंच सांगायचं, खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही. आमच्याकडे पाड्यावरच्या बाया तर "अंगावर जातं" एवढंच म्हणतात आणि आत आल्यावर खरं सांगतात.

पारोळ्याची_लेक | गुरुवार, रात्री ९.१०

सिस्टर, मला पाचवा महिना आहे. खाली बाहेरच्या बाजूला दोन-तीन मऊ कोंब आलेत, गेल्या महिन्यापासून वाढलेत. बाळाला काही होईल का? सासूबाई म्हणतात सिझर करावं लागेल.

सिस्टर_तळोदा | गुरुवार, रात्री ९.४०

ताई, तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीला नाही, याच आठवड्यात दाखवा. गरोदरपणात या भराभर वाढतात, कारण त्या वेळी अंगाची प्रतिकारशक्ती थोडी खाली असते आणि त्या भागात रक्तपुरवठा वाढलेला असतो. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींच्या आपोआप आटतात.

त्वचा_धुळे | गुरुवार, रात्री १०.१०

सिस्टरांनी बरोबर सांगितलं. भर एवढीच की गरोदरपणात इमिक्विमॉड, पोडोफायलोटॉक्सिन, पोडोफायलिन नाही. टीसीए, क्रायो, गरज पडली तर कॉटरी चालते. फक्त चामखीळ आहे म्हणून सिझर करत नाहीत. वाट अडेल इतकी मोठी असेल किंवा फार रक्त जाईल असं वाटलं तरच. बाळाच्या घशात चामखीळ होणं फार दुर्मीळ आहे. दुर्मीळ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. तुमच्या यजमानांनाही तपासून घ्यायला सांगा.

पारोळ्याची_लेक | गुरुवार, रात्री १०.३०

धन्यवाद. यजमानांचं विचारू नका. लग्नाला चार वर्षं झाली, त्यांना आधी तिथे काहीतरी होतं आणि त्यांनी "घामोळं" म्हणून सांगितलं होतं. राग त्याचाच आहे, कोंबाचा नाही.

भुसावळ_जंक्शन | शुक्रवार, सकाळी ७.३०

पोऱ्या, माझं ऐक, सासरी काही सांगू नको. सोयरीक मोडली तर भाऊबंदकीत चर्चा, धाकट्या बहिणीचं लग्न अडकेल. उपचार कर, गप्प बस. डॉक्टरच सांगताहेत ना, निघून जाते.

पारोळ्याची_लेक | शुक्रवार, सकाळी ७.५५

जंक्शनदादा, निघून जाते म्हणाले नाहीत, परत उगवू शकते म्हणाले. मी कालच वर लिहिलंय काय होतं ते. सासरच्या मांडवात लाउडस्पीकर लावून सांग असं कोण म्हणतंय? फक्त तिला.

भुसावळ_जंक्शन | शुक्रवार, सकाळी ८.२०

ताई, तुमचं दुःख समजतं. पण पोरीने आईला सांगितलं, आईने मावशीला सांगितलं, की संपलं. मी दोन सोयरिकी यापेक्षा फालतू कारणावरून मोडलेल्या बघितल्यात.

सिस्टर_तळोदा | शुक्रवार, दुपारी २.१०

समुपदेशनात आम्ही नवरा-नवरीला एकत्र बसवतो आणि डॉक्टरच सांगतात. पोराला तोंड उघडायला लागत नाही. काही वेळा पोरीच जास्त समजूतदार निघतात, बाप लोकांपेक्षा तर नक्कीच.

त्वचा_धुळे | शुक्रवार, रात्री ९.५०

सांगावं की नाही हा निर्णय मी तुमच्यावर लादणार नाही, पण वैद्यकीय बाजू लपवणार नाही. कोंब दिसत असताना संबंध ठेवला तर तिला लागण होण्याची शक्यता बरीच. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण तुमचे दाणे मुळाशी आहेत आणि कंडोम तिथे झाकत नाही. आणि तिला माहीतच नसेल तर उद्या तिला काही आलं तेव्हा ती महिनाभर पांढऱ्या पाण्याची औषधं खात बसेल.

आता कामाची गोष्ट, लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चारही जातींवर आहे. तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशी गार्डासिलही याच चारांवर, आणि तिची नवी आवृत्ती नऊ जातींवर. फक्त १६ आणि १८ वर असलेली लसही असते, ती चामखिळीवर उपयोगाची नाही, म्हणून नाव विचारून घ्या. सर्व्हाव्हॅक ९ ते २६ वयापर्यंत, मुलगे आणि मुली दोघांनाही. चौदापर्यंत दोन डोस, पंधरापासून तीन: पहिला, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. असलेली चामखीळ लसीने जात नाही. पण होणारी बायको २६ च्या आतली असेल आणि लग्नाआधी सुरुवात केली, तर तिच्यासाठी मोठं काम होईल. आणि ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांच्या पोरी आहेत त्यांनी पोऱ्याच्या लग्नाची चर्चा सोडून आधी बालरोगतज्ज्ञांना फोन करा. खरा फायदा त्या वयात आहे.

बायकांनी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करावीच, चामखीळ असो नसो. सरकारी केंद्रांत ती होते. चामखीळ झाली म्हणून ती इतरांपेक्षा लवकर किंवा वारंवार करायला लागत नाही.

गुपचूप_वाचक | शनिवार, दुपारी १२.१५

डॉक्टरसाहेब, माझ्या मिसेसला निघाल्या. मला काहीच नाही, कधीच नव्हतं. लग्नाला सात वर्षं. म्हणजे मी काय समजायचं?

त्वचा_धुळे | शनिवार, रात्री ८.४५

काहीही समजू नका. तुम्हाला कधीच काही दिसलं नाही याचा अर्थ तुमच्यात विषाणू नव्हता असा होत नाही. बहुतेक लोकांत तो काहीच न दाखवता राहतो आणि जातो. लग्नाआधीचा, तुमचा किंवा त्यांचा, इतक्या वर्षांनी डोकं वर काढू शकतो. या रोगावरून बाईच्या वागणुकीचा दाखला निघत नाही, पुरुषाच्याही नाही. दोघांनी एकत्र येऊन तपासून घ्या. माझ्यासमोर यावरून भांडणारी जोडपी मी बघतो, आणि त्यांना पुरावा देणारी तपासणी माझ्याकडे नसते.

तापीकाठचा_पोऱ्या | पुढच्या आठवड्यात, रविवार, रात्री १०.३०

मंडळी, अपडेट. जळगावलाच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. भिंग लावून बघितलं, पाच मिनिटांत सांगितलं: चामखिळीच. व्हीडीआरएल (गरमीची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही दोन्ही निगेटिव्ह. साखर नॉर्मल. रेडिओफ्रिक्वेन्सीने काढल्या. सुन्न करायचं इंजेक्शन दुखलं, बाकी जळका वास आला तेवढाच. सुती चड्डी घालायची, जागा कोरडी ठेवायची, जखम भरेपर्यंत संबंध नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायचं. सध्या हेच गरम वाटतंय, मे महिन्यात ड्युटीवर काय होईल देव जाणे.

तिला सांगितलं. फोनवर जमलं नाही, तिच्या कॉलेजजवळ भेटलो. अर्धा तास बोलली नाही. मग विचारलं, लस कुठे मिळते. घरच्यांना आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ती २३ ची आहे, पहिला डोस परवा घेतलाय.

एक विचारायचं राहिलं. खपली पडल्यावर तिथले केस काढले तर चालतील का? आणि पुन्हा उगवली हे मला कळणार कसं, प्रत्येक पुटकुळी बघून जीव जातो.

त्वचा_धुळे | रविवार, रात्री ११.१०

छान केलंत. रेझर वापरू नका, निदान तीन-चार महिने. पात्याने बारीक ओरखडे पडतात आणि उरलेला विषाणू त्या ओरखड्यांतून रांगेने पसरतो. ज्यांच्या जांघेत सरळ रेषेत चामखिळी दिसतात ते बहुधा दाढीच्या रेझरचं काम असतं. वाढलेत असं वाटलं तर कात्रीने कापा, आणि ती कात्री तुमची एकट्याची.

बघायचं तर आठवड्यातून एकदा, अंघोळीनंतर, उजेडात. दुखणारी, लाल, पू असलेली पुटकुळी दोन-चार दिवसांत जाते, ती केसाची. न दुखणारा, खरखरीत, दोन आठवडे झाले तरी जागेवर असलेला दाणा दिसला तर या. जुन्या जागेवर पांढरट किंवा काळसर डाग राहील, तो चामखीळ नव्हे, उपचाराचा आहे. तो हळूहळू फिका होतो. काहींचा थोडा राहतो.